राग पात्रांचा की लेखिकेचा? ‘नॉर्मल पीपल’ वाचून द्विधा झालेल्या वाचकाला उत्तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. आयरिश लेखिका सॅली रूनी यांची ‘नॉर्मल पीपल’ ही कादंबरी तुम्ही एका दमात वाचली, मेरिअन आणि कॉनल या दोघांमध्ये तुमचा जीव गुंतला, आणि तरीही पुस्तक मिटताना चीड आली. दोन अतिशय हुशार माणसे एक साधे वाक्य वेळेवर बोलत नाहीत आणि त्यापायी चार वर्षे एकमेकांना दुखावत राहतात; अशा माणसांवर प्रेम का करायचे, आणि हे पुस्तक चांगले म्हणायचे की नाही, हे तुम्हाला ठरवता येत नाही. मी बरीच वर्षे कादंबऱ्यांची हस्तलिखिते वाचण्याचे आणि लेखकांबरोबर बसून त्यांवर संपादकीय काम करण्याचे काम करते आहे, आणि प्रेमाच्या कादंबऱ्यांबाबत हा पेच माझ्यासमोर वारंवार येतो. माझे मत आधीच सांगते: तुमच्या मनात एक नव्हे, दोन वेगवेगळे राग एकत्र झाले आहेत. एक राग पात्रांवरचा आहे आणि तो या कादंबरीचे यश आहे. दुसरा राग लेखिकेवरचा आहे आणि तोही रास्त आहे. दोन्ही वेगळे केल्याशिवाय या पुस्तकाला न्याय देता येणार नाही.

ज्यांनी कादंबरी वाचलेली नाही त्यांच्यासाठी कथानक सांगणे आवश्यक आहे. आयर्लंडच्या पश्चिमेला, स्लायगो परगण्यातल्या कॅरिकली नावाच्या काल्पनिक गावात जानेवारी २०११ मध्ये गोष्ट सुरू होते. मेरिअन शेरिडन श्रीमंत घरातली, शाळेत सर्वांनी वाळीत टाकलेली मुलगी. कॉनल वॉल्ड्रन फुटबॉल खेळणारा, सर्वांचा लाडका मुलगा, ज्याची आई लॉरेन मेरिअनच्याच घरी साफसफाईच्या कामाला जाते. दोघांचे गुपचूप प्रेम जमते, कॉनलच्या भित्रेपणामुळे मोडते, आणि मग दोघे डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजमध्ये पुन्हा भेटतात तेव्हा पारडे उलटलेले असते: तिथे मेरिअनभोवती मित्रमैत्रिणींचा गोतावळा असतो आणि कॉनल एकटा पडलेला असतो. फेब्रुवारी २०१५ पर्यंत ते एकत्र येतात, दुरावतात, इतरांबरोबर राहतात आणि पुन्हा एकमेकांकडे येतात. कादंबरी २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली, त्या वर्षी बुकर पारितोषिकाच्या दीर्घयादीत आली, कोस्टा पुरस्काराच्या कादंबरी विभागात विजेती ठरली, आणि २०२० मध्ये तिच्यावर बारा भागांची मालिकाही निघाली.

प्रेमकथेच्या हस्तलिखितात गैरसमजाचा प्रसंग आला की मी लेखकाला एकच प्रश्न विचारते: न बोललेले ते वाक्य बोलायला या पात्राला काय किंमत मोजावी लागली असती? उत्तर ‘काहीच नाही’ असे असेल, तर तो गैरसमज पात्राचा नसून लेखकाच्या सोयीचा असतो; पुढची शंभर पाने भरायची म्हणून त्याने पात्राचे तोंड दाबून धरलेले असते, आणि वाचकाला ते कळल्याशिवाय राहत नाही. पण त्या वाक्याची खरोखर काही किंमत असेल आणि ती त्या पात्राला त्या क्षणी परवडणारी नसेल, तर ते मौन म्हणजेच कादंबरी होय. मग वाचकाला कितीही चीड आली तरी ती चीड एखाद्या जवळच्या माणसावर यावी तशी येते, पुस्तकावर नव्हे.

या कसोटीवर ‘नॉर्मल पीपल’मधील दोन मोठे प्रसंग तपासून पाहावेत.

पहिला प्रसंग शाळेतला. शाळा संपताना होणाऱ्या ‘डेब्स’ या नृत्यसमारंभाला कॉनल मेरिअनला बोलावत नाही. रेचल नावाच्या, वर्गात वजन असलेल्या मुलीला बोलावतो. मेरिअनबरोबरचे त्याचे संबंध कोणालाही माहीत नाहीत अशी त्याची समजूत असते आणि ते उघड झाले तर आपण संपलो, अशी त्याला भीती असते. रेचलला बोलावल्याचे तो आईला गाडीत सांगतो. लॉरेनला दोघांचे संबंध ठाऊक असतात. आपल्या मुलाने काय केले हे लक्षात येताच ती संतापते, त्याची लाज वाटते असे सांगते आणि गाडीतून उतरून बसने घरी जाते. मला संपूर्ण कादंबरीतला हा सर्वांत नेमका प्रसंग वाटतो, कारण इथे अपमान झालेल्या मुलीची बाजू तिच्या घरचे कोणी घेत नाही. तिच्या घरची फरशी पुसणारी बाई घेते, आणि तीही स्वतःच्या पोटच्या मुलाविरुद्ध. लेखिका त्यावर एका शब्दाचेही भाष्य करत नाही. पुढे त्या समारंभाच्या रात्री एरिक हा मित्र कॉनलला सहज सांगून जातो की तुमचे प्रकरण आम्हा सगळ्यांना केव्हाच माहीत होते. कोणाचेच काही बिघडले नव्हते. ज्या भीतीपायी त्याने एका मुलीला शाळा सोडून घरी बसायला लावले, ती भीतीच पोकळ होती. मात्र ती पोकळ होती हे आधी कळायला त्याच्याकडे कोणताही मार्ग नव्हता. सतरा-अठरा वर्षांच्या मुलाला गावातली पत ही हवेइतकी खरी वाटते. त्याचा भ्याडपणा त्यामुळे क्षम्य होत नाही, पण तो खोटाही ठरत नाही, आणि कादंबरीकाराकडून मला तेवढेच हवे असते.

दुसरा प्रसंग तुम्ही प्रश्नात उल्लेखलेला, ‘एका वाक्यासाठी ताटातूट’ म्हणून अनेक वाचकांना खटकणारा. डब्लिनमध्ये कॉनल एका रेस्टॉरंटमध्ये काम करून खोलीचे भाडे भरत असतो. उन्हाळ्याच्या तोंडावर त्याचे कामाचे तास कमी होतात आणि भाडे परवडेनासे होते. मेरिअन ही शहरातल्या ‘मेरियन स्क्वेअर’ या उंची वस्तीत आजीच्या मालकीच्या सदनिकेत भाडे न देता राहत असते, आणि कॉनलच्या बहुतेक रात्री तिथेच जात असतात. त्याने फक्त एवढेच विचारायचे असते: उन्हाळ्यापुरता तुझ्याकडे राहू का? तो आठवडेच्या आठवडे ते टाळतो, आणि शेवटी विषय निघतो तेव्हा आपण गावी परत जात असल्याचे सांगतो आणि आता तुला दुसऱ्या कोणाबरोबर फिरायला आवडेल, अशा अर्थाचे काहीतरी बोलून बसतो. हा आपल्याला सोडतो आहे असे मेरिअनला वाटते. ती कोरड्या आवाजात ‘हो’ म्हणते, आणि तिला आपण नकोच होतो असे त्याला वाटते.

तुम्ही विचारता, त्याने विचारले का नाही? मी किंमत मोजून पाहते. ज्या घरातून त्याच्या आईला साफसफाईचे पैसे मिळतात, त्याच घरच्या मुलीकडे निवारा मागायचा आहे. तिला त्याच्या अडचणीची कल्पनाही नाही, कारण भाडे नावाची गोष्ट तिच्या आयुष्यात कधी आलेलीच नाही. त्याने मागितले असते तर तिने क्षणाचाही विलंब न लावता हो म्हटले असते, हे त्याला ठाऊक आहे, आणि नेमके म्हणूनच त्याला मागता येत नाही. त्या ‘हो’नंतर दोघांचे नाते समान पातळीवर राहणार नाही असे त्याला वाटते. पैशाची गरज असलेल्या माणसाने ज्याला कधी गरज पडली नाही अशा प्रिय माणसाकडे हात पसरणे, ही गोष्ट जगातल्या सर्वांत अवघड गोष्टींपैकी आहे. हा गैरसमज नाही. हे वर्गभेदाने घशात अडकवलेले वाक्य आहे, आणि मेरिअनला ते ऐकू येत नाही हाही त्याच वर्गभेदाचा भाग आहे.

हे नीट कळण्यासाठी त्या काळचे आयर्लंड डोळ्यांसमोर हवे. २००८ मध्ये तिथला घरबांधणीचा फुगा फुटला, बँका बुडायला आल्या, आणि २०१०च्या अखेरीस युरोपीय संघ आणि आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या ८५ अब्ज युरोंच्या साहाय्य-योजनेचा आधार घेण्याची वेळ देशावर आली. २०१२च्या सुमारास बेरोजगारी १५ टक्क्यांच्या आसपास होती आणि तरुण मुले ऑस्ट्रेलिया, कॅनडा, इंग्लंडची वाट धरत होती. अर्धवट बांधून सोडलेल्या, कोणीही राहत नसलेल्या वसाहती देशभर उभ्या होत्या. त्यांपैकीच एका रिकाम्या वसाहतीत कॉनल आणि मेरिअन शाळेच्या दिवसांत जातात, आणि ही घरे विकली जात नसतील तर ज्यांना घर नाही त्यांना देऊन का टाकत नाहीत, हा प्रश्न त्यांच्या बोलण्यात येतो. पहिल्या वाचनात तो निव्वळ पार्श्वभूमीचा तपशील वाटतो. पुढे एका मुलाला उन्हाळ्यापुरते छप्पर मिळत नाही म्हणून त्याचे प्रेम तुटते, तेव्हा तो तपशील किती विचारपूर्वक पेरलेला होता हे लक्षात येते. त्यानंतर दोघांनाही ट्रिनिटीची शिष्यवृत्ती मिळते. तिच्यात शुल्क माफ होते, राहायला खोली मिळते आणि रोज संध्याकाळी कॉलेजच्या भोजनगृहात जेवण मिळते. मेरिअनसाठी तो मान आहे. कॉनलसाठी ते घर आणि अन्न आहे. ज्या पैशामुळे आता आपण युरोपभर चित्रे पाहत फिरू शकतो, तोच पैसा जगाला खरेपणा देतो, हे त्याच्या ध्यानात येते. प्रेमकथेत पैशाचा हिशेब इतक्या सरळपणे मांडणारी लेखिका विरळाच, आणि या एका गुणासाठी मी ही कादंबरी नवलेखकांना आवर्जून वाचायला सांगते.

शैलीबद्दलही तुम्ही नापसंती व्यक्त केली आहे: संवादांना अवतरणचिन्हे नाहीत, सगळे निवेदन वर्तमानकाळात, आणि प्रकरणांना ‘तीन महिन्यांनंतर’, ‘सहा आठवड्यांनंतर’ अशी नुसती कालदर्शक शीर्षके. अवतरणचिन्हे गाळण्याबाबत माझा फारसा आग्रह नाही. दहा पानांत डोळ्यांना सवय होते. परंतु काळाच्या उड्या मात्र कादंबरीच्या मुळाशी आहेत. प्रकरण सुरू होते तेव्हा काहीतरी आधीच घडून गेलेले असते, आणि मग निवेदन मागे जाऊन ते कसे घडले हे सांगते. यामुळे ‘पुढे काय होणार’ ही उत्कंठा कमी होते आणि ‘हे असे का झाले’ याकडे लक्ष जाते. शिवाय निवेदन तृतीयपुरुषी असले तरी कधी तिच्या मनाला, कधी त्याच्या मनाला चिकटून चालते, त्यामुळे दोघांना परस्परांविषयी जे माहीत नाही ते फक्त वाचकाला माहीत असते. तुम्हाला आलेली चीड याच रचनेतून आली आहे. खोलीत तिघेजण आहेत आणि तिसऱ्याला, म्हणजे तुम्हाला, बोलण्याची मुभा नाही.

इथवर मी कादंबरीच्या बाजूने बोलले. आता दुसऱ्या रागाकडे वळते, कारण तो दडपून केवळ ‘सदोष पात्रे म्हणजे खरी पात्रे’ असे म्हणून मोकळे होणे मला प्रामाणिक वाटत नाही.

कॉनलचे दोष लेखिकेने त्याच्या परिस्थितीतून, स्वभावातून, आईच्या आणि गावाच्या नात्यातून हळूहळू विणले आहेत. मेरिअनचे तसे झालेले नाही. ती स्वतःला प्रेमाला अपात्र समजते, आणि तिला दुखावणाऱ्या पुरुषांच्या हाती स्वतःला सोपवते. आधी जेमी, मग स्वीडनमधला ल्यूकस नावाचा छायाचित्रकार. याचे कारण म्हणून आपल्यापुढे ठेवले जाते ते तिचे कुटुंब: मारहाण करणारा, आता हयात नसलेला बाप, मुलीबद्दल माया नसलेली आई डेनीस, आणि हिंसक भाऊ अॅलन. अशी घरे नसतात असे मी मुळीच म्हणत नाही. ती असतात, आणि त्यांतल्या मुलींची स्वतःविषयीची कल्पना अशीच मोडते. माझी तक्रार लेखनाची आहे. अॅलन जेव्हा जेव्हा येतो तेव्हा तो शिवीगाळ करण्यासाठी किंवा अंगावर धावून जाण्यासाठीच येतो. तो दिवसभर काय करतो, त्याला बहिणीच्या हुशारीचा एवढा जाच का होतो, बाप जिवंत असताना त्या घरात त्याचे स्वतःचे काय झाले, यांपैकी कशातही लेखिकेला पुरेसा रस नाही. आईचेही तेच. ज्या लेखिकेने लॉरेनसारखी बाई मोजक्या वाक्यांत उभी केली, तिने डेनीसला इतके सपाट का ठेवावे? मेरिअनचे दुःख सिद्ध करण्यापुरतीच ती माणसे तिथे आहेत, असे वाटत राहते. हस्तलिखित माझ्याकडे आले असते तर समासात मी इथेच सर्वाधिक खुणा केल्या असत्या.

हा असमतोल आणखी एका ठिकाणी ठळक होतो. शाळेतला मित्र रॉब आत्महत्या करतो आणि कॉनल नैराश्याच्या गर्तेत जातो. त्या आजारपणाला एक संपूर्ण, अतिशय संयत प्रकरण मिळते. विद्यापीठातील समुपदेशन केंद्राची प्रतीक्षाखोली, हातात दिलेली प्रश्नावली, तिच्यातील एकेका विधानापुढे कोणता आकडा निवडायचा याचा विचार, आणि समुपदेशक बाईंसमोर तुटक तुटक बाहेर येणारी कबुली: नवे आयुष्य मिळेल म्हणून गाव सोडले, इथे मन रमत नाही, आणि आता मागेही जाता येत नाही, कारण ती मैत्री उरलीच नाही. शिकण्यासाठी गाव सोडून शहरात आलेल्या कोणाही मराठी वाचकाला ही पाने परकी वाटणार नाहीत. मेरिअनच्या दुखण्याला मात्र असे प्रकरण मिळत नाही. तिला मिळते ती सुटका. जुलै २०१४ मध्ये अॅलनच्या हातून दाराचा आघात होऊन तिचे नाक मोडते, ती कॉनलला फोन करते, तो गाडी घेऊन येतो, अॅलनला दम देतो आणि तिला घेऊन जातो. वाचताना मोठा दिलासा मिळतो, मलाही मिळाला. पण पुढचे, शेवटचे प्रकरण उघडते ते सात महिन्यांनंतर, आणि तोवर मेरिअन बरीचशी सावरलेली असते. घर कायमचे सोडलेली मुलगी त्या सात महिन्यांत रात्री कशी झोपली, आईची आठवण आली का, ‘मी वाईट आहे’ हा लहानपणापासूनचा समज कसा सैल झाला, की झालाच नाही? ज्या कालउड्या इतका वेळ कादंबरीचे बळ होत्या, त्याच इथे सर्वांत अवघड भाग ओलांडून जाण्याची वाट ठरतात. एका चांगल्या पुरुषाच्या प्रेमाने ती दुरुस्त झाली असे सुचवले जाते, आणि इतक्या प्रखर बुद्धीच्या मुलीसाठी ते उत्तर मला अपुरे वाटते. मालिका पाहिलेल्यांना हे कदाचित तितके जाणवणार नाही, कारण पानावर जे रिकामे आहे ते तिथे अभिनेत्रीचा चेहरा भरून काढतो.

तुम्ही शेवटी विचारले आहे की अशी माणसे आवडून घ्यावीत का. आवडून घेण्याची सक्ती कोणावरच नाही. मराठी वाचकाला तर या प्रश्नाची जुनी सवय असायला हवी. १९६३ मध्ये आलेल्या ‘कोसला’तला पांडुरंग सांगवीकर वडिलांचा पैसा पुण्यात उधळतो, परीक्षांची वाट लावतो, आणि तरीही वाचकांच्या पिढ्या त्याच्यामागून चालत आल्या आहेत. पात्र सदाचरणी आहे की नाही हा प्रश्न मी कधीच विचारत नाही. त्याच्या चुकीचा हिशेब लेखकाने पुरता मांडला आहे की नाही, एवढेच मी पाहते. कॉनलच्या बाबतीत तो पुरता आहे, म्हणून त्याच्यावर रागावूनही मी त्याला सोडत नाही. मेरिअनच्या बाबतीत तो अर्धा आहे, म्हणून तिच्याविषयी अपार माया वाटूनही ती मला कुठेतरी निसटते.

शेवटाबद्दल मात्र माझे मत तुमच्याहून वेगळे आहे. कॉनलला न्यूयॉर्कला लेखनाचे शिक्षण घेण्याची संधी येते आणि मेरिअन त्याला जा म्हणते. ‘इतके सोसून पुन्हा ताटातूटच’ असे तुम्ही लिहिले आहे. इथे एक गोष्ट पुन्हा पाहावी. कॉनलने तिथे अर्ज केला होता हे त्याने मेरिअनला सांगितलेलेच नव्हते. चार वर्षांनंतरही तो तसाच आहे, महत्त्वाची गोष्ट आधी गिळणारा. लेखिका त्याला बरा झालेला दाखवत नाही. फरक पडला आहे तो मेरिअनमध्ये: पूर्वी अशा क्षणी तिने आपण नकोसे झालो असा अर्थ घेऊन कोरडे ‘हो’ म्हटले असते, आणि आता ती दुखावली तरी आपल्यावर प्रेम आहे हे जाणून, त्याला मोकळे करून मनापासून जा म्हणते. तेच मौन, पण ते ऐकणारी व्यक्ती बदलली आहे. या बदलापर्यंतची वाट आपल्याला दाखवली नाही ही माझी वर केलेली तक्रार कायम आहे. पण शेवटचे ते पान मला खरे वाटते.

पुढे काय वाचावे असेही तुम्ही विचारले आहे. रूनी यांची २०१७ सालची पहिली कादंबरी तूर्त बाजूला ठेवा आणि सरळ २०२४ मध्ये आलेली ‘इंटरमेझो’ घ्या. वडिलांच्या मृत्यूनंतर एकमेकांपासून तुटत गेलेल्या पीटर आणि आयव्हन या दोन भावांची ती गोष्ट आहे; थोरला वकील, धाकटा बुद्धिबळपटू. दोघांचीही प्रेमप्रकरणे आहेत, दोघेही चुकतात, आणि एका प्रसंगी थोरला धाकट्यावर हातही उचलतो. अॅलनने केले तसेच काहीसे. पण इथे लेखिका त्या थोरल्या भावाच्या डोक्यात शिरून बसली आहे. त्याची झोप न येणे, दारू आणि गोळ्या, दोन स्त्रियांमध्ये चाललेली ओढाताण, धाकट्याविषयीची माया आणि तुच्छता हे सगळे त्याच्या तुटक वाक्यांतून येत राहते, आणि तो हात उचलतो तेव्हा तो का उचलला गेला हे वाचकाला त्याच्याइतकेच, कदाचित त्याच्याहून अधिक कळलेले असते. ‘नॉर्मल पीपल’मध्ये जे पान कोरे राहिले असे तुम्हाला आणि मला वाटते, ते सहा वर्षांनी, दुसऱ्या कुटुंबाच्या गोष्टीत, तिने लिहिले आहे.